फटकीतलं लोह

सकाळपासून सेवकराम गुरुजींनी तीनदा पिशवी उघडून पाहिली. मानपत्र होतं, चष्मा होता आणि तळाशी घडी घातलेला तो पिवळा कागदही होता.

"कायले घडीघडी पाहून राहिले?" रुक्माबाई म्हणाल्या. "पाय फुटले का त्या कागदाले?"

गुरुजींनी पिशवीचा बंद आवळला. कुडव्याहून निघून, देवरीला बस बदलून, अकराच्या आत चिचगडला, आपल्या जुन्या शाळेत, पोहोचायचं होतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी साक्षी उके हिला रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी देशपातळीवरचा पुरस्कार मिळाला होता. राइस मिलमधल्या तुसाच्या राखेपासून तिने पाणी शुद्ध करणारी गाळणी बनवली होती. आज शाळेत तिचा सत्कार होता आणि मानपत्र गुरुजींनी लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य त्यांना बसमध्येही खुपत राहिलं: 'तिच्या बुद्धीची पारख या शाळेने पहिल्या दिवसापासून केली.'

केली होती कुठे?

चौदा वर्षांपूर्वी बारावीच्या सराव परीक्षेत त्यांनी मुलांना ओळखायला फटकी, म्हणजे तुरटी, दिली होती. सगळ्यांनी अ‍ॅल्युमिनियम लिहिलं. एकट्या साक्षीने लिहिलं, 'अ‍ॅल्युमिनियम, आणि थोडं लोह.' गुरुजींनी 'लोह'वर लाल रेघ ओढली आणि दोन गुण कापले. त्या दोन गुणांनी रसायनशास्त्राचा चषक तिच्या हातून गेला आणि वर्गातल्या भूपेंद्रला मिळाला.

पण उत्तर तिचंच खरं होतं. शुद्ध पाण्याचा कॅन संपला होता. प्रयोगशाळेचा शिपाई मुन्नालाल याने बाटल्या हातपंपावरून भरून आणल्या होत्या आणि गुरुजीच त्याला म्हणाले होते, "चालते रे, कोण पाहून राहिलं?" त्या पाण्यातच लोह होतं. चूक कबूल केली असती तर शाळेचं हसं झालं असतं. त्यांनी तिचा पेपर घरी नेला, तो नेलाच; तोच आता पिवळा पडून पिशवीत होता.

शाळेच्या फाटकात मुन्नालालच भेटला. गुरुजींनी त्याला बाजूला घेतलं.

"आज सांगून टाकतो म्हणतो."

"जाने दो ना गुरुजी! इतके साल झाले. आनंदाच्या दिवशी कायले?"

मांडवात बसूनही गुरुजींची बोटं पिशवीच्या बंदाशी खेळत होती. शाल झाली, श्रीफळ झालं. मानपत्र वाचायला ते उठले. पहिल्या चार ओळी सुरळीत गेल्या. 'पारख'पाशी ते थांबले. त्यांनी मानपत्र टेबलावर ठेवलं, पिवळा कागद काढला आणि सगळं सांगितलं. कॅन, हातपंप, लाल रेघ, चषक. एका दमात.

साक्षीने कागद हातात घेतला आणि लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"सर, मले वाटे का माही परीक्षानळीच मळकी होती," ती म्हणाली. "तवापासून मी प्रत्येक नळी तीनदा धुतो. प्रयोगशाळेतले पोरं हसते मले."

कोणीतरी खुदकन हसलं. गुरुजींना वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तिने विचारलं, "मंग सर, तो हातपंप आताही चालू हाय का?"

गुरुजींनी मुन्नालालकडे पाहिलं. मुन्नालालने पायांकडे. पोरं अजूनही रोज मधल्या सुट्टीत त्याच हातपंपावर पाणी प्यायला ओंजळी धरत. चौदा वर्षं गुरुजींना दोन गुण टोचत होते. पाण्याचा विचार त्यांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

"चालू हाय," ते कसेबसे म्हणाले.

"किती हाय, पाहून घेऊ ना मंग," म्हणत साक्षीने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली. भाषणं तशीच राहिली. अध्यक्ष घड्याळ पाहत बसले.

प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या निघाल्या. साक्षीने त्या तीनदा धुतल्या, शेवटी बाटलीबंद पाण्याने. एका नळीत तिने हातपंपाचं पाणी घेतलं, दुसरीत बाटलीतलं. दोन्हींत आम्लाचे थेंब टाकले, मग कपाटातल्या जुन्या बाटलीतला, लोह असलं की लाल होणारा द्रव. बाटलीतलं पाणी तसंच राहिलं. हातपंपाचं चढत चढत लालभडक झालं.

"अबब!" पोरं एकमेकांच्या अंगावर रेलली.

"हे विष नोहे," साक्षी म्हणाली. "पण पाण्यात अजून काय काय हाय, थे पाहा लागन. आज नमुने नेतो मी."

मग तिने वही पुढच्या मुलीच्या हातात दिली. ती सातवीतली खुशबू. खुशबूने पेन उचललं आणि मास्तरांना विचारायच्या सवयीने गुरुजींकडे पाहिलं.

"सर, उत्तर काय लिवू?"

गुरुजी तिच्याजवळ बाकावर बसले.

"दोन्ही नळ्या पाह्यल्या ना तू?"

"हो."

"मंग मले कायले विचारतेस? तुले दिसलं थे लिव."

खुशबू लिहू लागली. गुरुजी लगेच उठले. बसवेना त्यांना. दारातल्या मुन्नालालला त्यांनी हाक मारली, "चाल रे, आधी त्या पंपापाशी उभा राह्य. सुट्टीची घंटी व्हाची वेळ झाली."