सात नंबरच्या सीटा

“एवढी पक्की शिवण कशाला? राजाला बसवणार आहेस का?” फोरमनने विचारलं.

“राजा कशाला मरायला येतोय बसमध्ये? आमची माणसं बसणार,” सीटवाली म्हणाली आणि तिने जाड सुईखाली रेक्झिन सरकवलं.

डेपोत तिला सगळे सीटवालीच म्हणत. बसच्या फाटक्या सीटा शिवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. डेपोची एक रीत होती. भंगारात जाणाऱ्या बसच्या सीटांना कुणी हात लावत नसे. सीटा नव्या झाल्या की बस रस्त्यावर जाणार म्हणजे जाणार. त्यामुळे बंद केलेली सात नंबरची बस तिच्याकडे आली, तेव्हा तिने काही विचारलंच नाही. शुक्रवारी बागेत उद्घाटन आहे, एवढंच फोरमनने सांगितलं. त्यालाही त्याहून जास्त कुणी सांगितलं नव्हतं.

सात नंबर टेकडीमागच्या तिच्या वस्तीतून थेट दवाखान्यापर्यंत जायची. ‘प्रवासी कमी’ म्हणून महापालिकेने ती बंद केली आणि तिच्या आईच्या पायाचं ड्रेसिंग चुकायला लागलं. जखम चिघळली. आता हयगय केली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी तिने वस्तीभर सांगितलं, “आपली बस परत येतेय. मी स्वतः सीटा शिवतेय.” तिच्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार?

शुक्रवारी आठ-दहा माणसं टेकडी उतरून बागेत आली. आई लेकीच्या खांद्यावर भार टाकत, दर वळणावर टेकत आली. हिरवीगार रंगवलेली सात नंबर कमरेएवढ्या फुलझाडांमध्ये उभी होती. सगळी भराभर चढली. आई दाराजवळच्या समोरासमोरच्या सीटांपैकी एकीवर बसली.

सीटवाली ड्रायव्हरला शोधायला खाली उतरली आणि तिथेच थबकली. बसला चाकं नव्हती. ती सिमेंटच्या ओट्यावर टेकवली होती, आणि शेजारी पाटी होती: ‘पुनर्वापराचं शहर’.

एक तरुण अधिकारी धावत आला. “अहो, यांना उतरवा. ही बस नाही, प्रदर्शन आहे. जुनी वस्तू टाकायची नाही, पुन्हा वापरायची, हे लोकांना कळायला नको का? बाहेरून पाहुणे येतायत बघायला.”

“मग वापरा ना,” ती म्हणाली. “दवाखान्यापर्यंत वापरा. बसचा आणखी काय वापर असतो?”

“ते वाहतूक खात्याचं काम. आमचं खातं वेगळं.”

धडधाकट बस आधी बंद करायची, मग तिची चाकं काढायची, आणि वर शहाणपणाची पाटी लावायची. याला काय म्हणावं? निर्लज्जपणालाही काही सुमार असतो. सीटवालीला संतापाने रडू फुटलं. या थापेला आपण आपल्या हातांनी सीटा शिवून दिल्या, हे तिला सहन होईना.

ती आत गेली. “आई, चल. बस जाणार नाही. माझंच चुकलं, मीच सगळ्यांना सांगितलं.”

आईने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. पण ती उठली नाही.

“सीट चांगली झालीय,” ती म्हणाली. मग दारातल्या अधिकाऱ्याकडे वळली. “बाळा, आम्हाला दवाखान्यात जायचंय. ड्रायव्हर येईपर्यंत बसतो आम्ही.”

“आजी, ड्रायव्हर येणार नाही.”

“बोलवा की. तुमचे पाहुणे आले तर मागे जागा आहे.”

मागून कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही. अधिकारी फोन कानाला लावून बाहेर गेला. थोड्या वेळाने फाटकाशी गाड्या थांबल्या, कुणीतरी दाराला लाल फीत बांधायला आलं आणि आतली माणसं बघून तसंच उभं राहिलं.

आईने दुखरा पाय उचलून समोरच्या नव्या सीटवर ठेवला. सीटवर पाय ठेवलेला सीटवालीला कधी खपत नसे. तिने ओढणीची घडी केली, आईच्या टाचेखाली सरकवली आणि तिच्याशेजारी बसली.