टिंब खाली, टिंब वर

यज्दच्या मदरशात उस्ताद झहीर वाळवंटातल्या वाटांचा ग्रंथ मोठ्याने वाचत होते आणि पिरूज नवी नक्कल उतरवून घेत होता. "त्या मुक्कामावर विहीर नाही," उस्तादांनी वाचलं, आणि पिरूजचा बोरू थांबला.

फारसीत 'बीस्त' म्हणजे वीस, 'नीस्त' म्हणजे नाही. दोन्ही शब्दांचा आकार एकच. टिंब खाली दिलं की वीस, वर दिलं की नाही. मूळ पोथीत ते टिंब गाळलेलं होतं. खरा शब्द उस्तादांना त्यांच्या गुरूंकडून तोंडी ठाऊक होता. मागची नक्कल मात्र पिरूजने एकट्यानेच पोथीवरून उतरवली होती आणि अंदाजाने टिंब खाली दिलं होतं. नक्कल झाली की ती गुरूसमोर वाचून मुळाशी ताडायची, अशी रीत. पण तेव्हा ईद तोंडावर आली होती, त्याला गावी जायची घाई होती. न वाचताच त्याने शेवटच्या पानावर लिहून टाकलं, 'ताडून पाहिली.'

तीच नक्कल घेऊन व्यापारी ख्वाजा नासिरचा तांडा आज तबसला निघणार होता.

"काय रे, शाई आटली का?"

"उस्ताद, मी आलोच." खरं सांगायला जीभ वळली नाही.

तांडा उतरला होता त्या सराईच्या अंगणात उंट अजून बसलेलेच होते. ख्वाजा हसला. "या, नक्कलनवीस. तुमच्या कृपेने निम्म्या पखाली घरी ठेवल्या, तेवढं कापड जास्त घेतलं. वीस विहिरी म्हणजे उंटांना आंघोळी घालू."

"तिथे एकही विहीर नाही, ख्वाजा. टिंब माझं चुकलं."

ख्वाजाचं हसू मावळलं. त्याने शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. "मग हे काय लिहिलंय?"

"ताडून पाहिली नव्हती."

"आणखी कुठे कुठे चुकलंय?"

"माहीत नाही." हे सांगताना पिरूजची मान आणखी खाली गेली.

"माझ्यासोबत लेकरंबाळं आहेत, बाबा," ख्वाजा हळू आवाजात म्हणाला. मग उंटवाल्यांकडे वळला. "ओझी उतरवा. आणि तू, उस्तादांना मूळ पोथी घेऊन बोलाव. इथे बसून वाच. तोवर मी हलत नाही."

येताना वाटेत पिरूजने उस्तादांना सगळं सांगितलं. ते पोथी काखेत धरून चालत राहिले. त्यांनी चारचौघांत कान पिळावा, म्हणजे सुटल्यासारखं तरी वाटेल, असं त्याला वाटत राहिलं.

उस्ताद कापडाच्या गठ्ठ्यावर बसले, त्यांनी मांडीवर पोथी उघडली.

"वाच. सावकाश. शंका आली की थांबायचं, बाळा. थांबण्यात कसली लाज?"

पिरूज वाचू लागला. पहिल्याच पानावर तो थांबला.