जरा उजळ

बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या चंद्रकांता धनमेहेर बाईंकडे लोक दोनच कामांसाठी येत. पोराला चित्रकलेत नापास केलं म्हणून भांडायला, नाहीतर घरात कोणी गेलं म्हणून तसबीर काढून घ्यायला. दुसऱ्या कामाला आलेली माणसं लग्नाच्या फोटोतून कापलेला बोटभर चेहरा पुढे करत आणि निघताना दारात थांबून हमखास म्हणत, "बाई, रंग जरा उजळ घ्या हां."

बाई घेत. सत्तर साली वडिलांची होडी परतली नाही, तेव्हा चंद्रकांताने आयुष्यातली पहिली तसबीर काढली ती त्यांचीच. तारापूरच्या समुद्रावर तीस वर्षं उन्हात करपलेला माणूस, तिने तो तसाच काढला. आई बघत राहिली आणि म्हणाली, "माजा नवरा एवडा काला नव्हता गो. जरा उजळ कर." आईच्या दुःखापुढे रंगाची काय कथा! तिने पांढरा मिसळला. पुढे मुंबईला शिकून आली, नोकरी लागली, तरी हात आपोआप पांढऱ्याच्या ट्यूबकडे जाई. पंधरा वर्षांत पालघरपासून तारापूरपर्यंत इतक्या माणसांना तिने मेल्यावर गोरं केलं, की वर गेल्यावर त्यांना कोणी ओळखलं असेल की नाही, देव जाणे.

जिवंत माणूस समोर बसवून काढायची हौस मात्र राहून गेली होती. लोक घाबरत. हिने काढलं म्हणजे भिंतीवर हार आलाच! बसली ती एकटी चिमी. बेटेगावच्या बायडीची ही मुलगी आठवीत होती, आणि तिचा हात असा, की बाईंना आनंद व्हायचा आणि पोटात थोडं दुखायचंही.

"तू मला काढ, मी तुला काढते," बाई म्हणाल्या. शाळा सुटल्यावर आठवडाभर दोघी समोरासमोर बसल्या. बाई रंग घेऊन, चिमी चुलीतला कोळसा घेऊन.

बाईंच्या चित्राला ठाण्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि ते तिथूनच कुणा साहेबाच्या दिवाणखान्यात गेलं. चिमीचं चित्र पाहून बाई हसल्या. "अगं, एवढी काळी काढलीस मला? जरा उजळ कर."

"बाई, तुमी अशाच हाय," चिमी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, पण बाईंना ते लागलं. त्यांनी कागद कपाटामागे सरकवला.

नववीत चिमी आलीच नाही. एका कारखान्यात लागली. दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, तिथे आग लागली.

चार दिवसांनी बायडी शाळेत आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"पोरीचा तोंड मला दाखवलाच नाय, बाई. बांदूनच दिली. फोटू कदी काडला नाय तिचा. तुमी तिला काडलेली ना? मला एक काडून द्या." दारात ती थांबली. बाई त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होत्या. बायडी म्हणाली, "होती तशीच काडा."

जुन्या चित्राचं कच्चं रेखाटन बाईंकडे होतं. त्यावरून त्यांनी नवं चित्र केलं. बायडी ते बघत बराच वेळ उभी राहिली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण कोनाची पोर ही?"

बाईंनी नाक बदललं, रंग गडद केला. सावलीत बसलेली एक गोरी मुलगी तयार झाली. पुन्हा खरवडलं, पुन्हा काढलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला चिमी आठवतच नाही, आपलं चित्र तेवढं आठवतंय. आठवडाभर पोर समोर बसली होती आणि आपण तिला पाहिलंच नाही! रिकाम्या वर्गात बाई हुंदके देऊन रडल्या. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

बायडी पुन्हा आली तेव्हा द्यायला काही नव्हतं. बाईंनी कपाटामागचा कागद काढून तिच्यापुढे धरला. "हे तिने काढलेलं."

"ह्या तर तुमीच," बायडी लगेच म्हणाली.

बाईंनीही ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. रुंद नाक, जाड ओठ, करपलेला रंग. वडीलच त्यांच्याकडे बघत होते, पांढरा मिसळण्याआधीचे.

"मी नेऊ?" बायडीने विचारलं.

"अगं, पण हा माझा चेहरा आहे."

"असू दे. हात तिचा हाय."

चिमीच्या दिवसांना बाई बेटेगावला गेल्या. कुडाच्या भिंतीवर भाताच्या शितांनी चिकटवलेला तो कागद होता, वर पळसाच्या फुलांची माळ. शेजारची म्हातारी ठमी आत आली, चित्राला हात जोडून पुटपुटली आणि वळली तर दारात बाई उभ्या. म्हातारी दचकून दोन पावलं मागे सरली.

"बाय गो! तुमी तर जित्या हाय!"