कानशीखालचं नाव

सासऱ्यांची पदकं मी मागितली तेव्हा सासूबाई गोठ्यात धार काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कशाला गो?"

"शाळेत पंधरा ऑगस्टला प्रदर्शन आहे, आई. तालुक्यातल्या जुन्या सैनिकांच्या वस्तू मांडायच्यात. त्यात मामंजींची पदकं नसतील तर मला कसं वाटेल?"

"त्यांची वस्तू कदी घराबाहेर गेली नाय."

"सोळा तारखेला मी स्वतः आणून देईन."

त्यांनी धार पुरी केली, हात धुतले आणि आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून माझ्या हातात दिला. चांदणीच्या आकाराची दोन पदकं, एक गोल पदक, लष्करातून सुटल्याचं पुस्तक आणि एक फोटो. माझे सासरे भागोजी एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि पोटरीत गोळीचा व्रण घेऊन परतले. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. पण शिमग्याला देवीची पालखी दारात आली की सदऱ्यावर तिन्ही पदकं लावून पुढे उभे राहत. ते गेल्यावर आई दर शिमग्याला पदकं चिंचेनं घासून पालखीसमोर पाटावर ठेवायच्या. पोलादपूरच्या वरच्या वाडीत त्या दोन गाई आणि नाचणीचा तुकडा सांभाळून एकट्या राहत. महाडला यायला तयार नसत.

हे २००५ सालच्या जूनमधलं. मी महाडच्या एका शाळेत शिकवते. नवरा किरण एमआयडीसीत कामाला. आम्ही तेव्हा बाजारपेठेमागे तळमजल्यावर राहत होतो.

पंचवीस जुलैला दुपारी सावित्रीचं पाणी गल्लीत आलं. महाडकरांना पावसाळ्यात पाण्याचं नवल नसतं, म्हणून आधी आम्ही नुसते दारात उभे राहून बघत होतो. तासाभरात ते उंबऱ्याच्या आत आलं. वरच्या मजल्यावरच्या आमिनाभाभी जिन्यातून ओरडल्या, "बाई, पोरीला आधी वर द्या!" पूनमला वर नेलं. मग कागदपत्रं, तांदूळ, गॅसची टाकी. किरण कंपनीत अडकला होता. शेवटची फेरी करायला मी उतरले तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. कपाटाच्या खालच्या खणाचं दार उघडून हलत होतं आणि आत डबा दिसत होता. टेबलावर टीव्ही होता, मे महिन्यात घेतलेला.

मी टीव्ही उचलला.

डबा मला दिसला नव्हता असं मी पुढे किरणला आणि शेजाऱ्यांना सांगितलं. तो दिसला होता. टीव्ही वर ठेवून पुन्हा येऊ, एवढाच विचार केला. परत जिन्यात आले तेव्हा खालच्या चार पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि आमिनाभाभींचे यजमान मुख्तारभाई यांनी माझा दंड धरला. तो टीव्ही अजून चालतो.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. डबा मागच्या गल्लीत सापडला, झाकण उघडं आणि आत गाळ. दोन दिवस मी हातांनी चिखल चाळला. एक चमचा सापडला, पूनमचं पैंजण सापडलं. पदकं सापडली नाहीत.

तिसऱ्या दिवशी आई आल्या. हमरस्ता ठिकठिकाणी बंद होता, तरी मिळेल त्या गाडीनं आणि उरलेली वाट चालत. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. पूनमला कुरवाळलं, किरणच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याबरोबर चिखल उपसला. निघताना जिन्याशी थांबून हळूच म्हणाल्या, "डबा गो?"

"वर ठेवला होता, आई. आमिनाभाभींकडे. सुखरूप आहे."

माझ्या तोंडून ते कसं बाहेर पडलं मला कळलं नाही. आमिनाभाभी वरच्या पायरीवर उभ्या होत्या. आईंनी त्यांच्याकडे बघून दोन्ही हात जोडले. "तुमचे लई उपकार झाले." आमिनाभाभींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

"आईला खरं सांग," किरण म्हणाला.

"सांगते," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. पुरामुळे प्रदर्शन राहिलं, आणि आईंनी विचारलं की पदकं घासायला दिली आहेत म्हणून मी दिवस ढकलले. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला माहेरी गेले आणि मुख्तारभाईंचा पुतण्या शोएब तिकडे भेंडीबाजारात असतो, त्याला गाठलं. मागच्या गल्लीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यानं मला नेलं. तिथं अशी पदकं टोपलीत पडलेली होती, सुटी बटणं आणि कड्याकोयंडे असावेत तशी. दोन चांदण्या आणि एक गोल, एकाच दोऱ्यात अडकवलेली, अगदी तशीच, मला मिळाली. घरी येऊन उजेडात धरली तेव्हा चांदण्यांच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर इंग्रजी अक्षरं दिसली. नंबर आणि नाव. सिपाही मोरू शेलार.

मुख्तारभाईंचं गाड्यांचे भाग दुरुस्त करायचं दुकान आहे. मी पदकं त्यांच्याकडे नेली. "भाई, ही अक्षरं घासून काढता येतील का?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ ते पदक त्यांच्या तळहातावर होतं. "बाई, हे माणसाचं नाव हाय. मयताचं असेल. मी नाय पुसणार."

"आईंना वाचता येत नाही, पण कुणी वाचून दाखवलं तर?"

"तर वाचू दे," असं म्हणून त्यांनी पदकं रुमालात गुंडाळून मला परत दिली.

किरणच्या अवजारांच्या पेटीत कानस होती. तो कंपनीत, पूनम शाळेत, अशा एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि घासायला बसले. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण अक्षरं खोल होती. आधी नंबर गेला, मग आडनाव. मोरूचा एम सगळ्यात शेवटी गेला. वर्तमानपत्रावर पिवळट भुकटी पडली होती. ती मी मोरीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"पुरात जरा ओल लागली, म्हणून घासून आणली. फिती नव्या लावल्या," मी आईंना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी पदकं पदरात घेतली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. पुस्तक आणि फोटो मात्र भिजून गेले, एवढं मी सांगितलं. "जाऊ दे गो," त्या म्हणाल्या. "तू एवढी सांभाळलीस, ते काय कमी हाय?" त्या शिमग्याला पालखीपुढे पाटावर ती पदकं होती. लोक पाया पडले. मीही पडले.

वाडीतल्या बायकांना त्या सांगायच्या, "माज्या सुनेनं महापुरातून ह्यांची वस्तू काढली." मी तिथं असले की पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायची.

दीड वर्ष असं गेलं. २००७च्या मे महिन्यात निवृत्त सुभेदार उतेकर वाडीत आले. पोलादपुरात महायुद्धातल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचा होता आणि ते घरोघर नावं नि लष्करी नंबर गोळा करत फिरत होते. सुट्टी होती म्हणून मी तिथंच होते. आईंनी त्यांना घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं.

"भागोजीबाबांचा नंबर?" सुभेदारांनी विचारलं.

"कागद पुरात गेले, बाबा. पण पदकं हायत." आई देव्हाऱ्याकडे वळल्या.

मला बोलता आलं असतं. त्या तीन पावलं जाऊन तीन पावलं परत येईपर्यंत मला बोलता आलं असतं.

सुभेदारांनी चांदणी उलटी केली. दाराच्या उजेडात धरली, अंगठा फिरवला. मग दुसरी, मग गोल पदकाची कड. त्यांचा आवाज बदलला. "मावशी, ही पदकं तुमच्याकडं कुठून आली?"

"कुठून म्हंजी? ह्यांची हायत."

"ह्यावरचं नाव कुणीतरी कानशीनं काढलंय. चोरीच्या पदकांचं असं करतात."

आईंचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. सत्तरी ओलांडलेली बाई, आयुष्यात कुणाच्या झाडाचा आंबा न विचारता उचलला नाही, आणि परका माणूस तिच्याकडे संशयानं बघत होता. "आमी चोर नाय, बाबा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी साक्ष द्यावी म्हणून.

"मी काढलं," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. टीव्हीसुद्धा. सुभेदारांनी वही मिटून मांडीवर ठेवली. आई भिंतीला टेकून खाली बसल्या. बाहेर गाय हंबरली तरी त्या उठल्या नाहीत.

"पान्यानं नेलं ते पान्याचं," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याला कोन काय करणार. पन हे तू केलंस." मग विचारलं, "कुनाचं नाव व्हतं?"

"चौदा हजार आठशे सदतीस. सिपाही मोरू शेलार."

एकही आकडा आठवावा लागला नाही. तीन पदकांवरून तो नंबर मी तीन वेळा पुसला होता. सुभेदारांनी वही उघडली आणि लिहून घेतलं.

बेळगावला पलटणीच्या मुख्यालयात सुभेदारांचं पत्र गेलं. उत्तर यायला दिवाळी उजाडली. भागोजींचा नंबर त्यात होता. तिथं तो सगळा वेळ नोंदलेला होता, विचारायचाच अवकाश होता. आणि मोरू शेलार. मु. मेढ्याजवळचं एक गाव, जावळी. १९४४ साली इटलीत कामी आला. मागे पत्नी आणि एक मुलगी.

त्या पाच-सहा महिन्यांत आई माझ्याशी गरजेपुरतं बोलल्या. दर महिन्याला मी वाडीत गेले, गोठा झाडला, पाणी भरलं. त्यांनी नको म्हटलं नाही, पण मी रांधलेलं जेवल्याही नाहीत. आपली भाकरी आपण थापून घेत. पत्र वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "जायला पायजे. तू आनि मी."

पोलादपूरहून एसटीनं आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून दुसरी गाडी मेढ्याला. आईंना गाडी लागते. सगळा घाट त्या डोळे मिटून, पदकांची पुरचुंडी मुठीत धरून बसल्या होत्या. गावात विचारत गेलो. मोरूची मुलगी रखमा, पासष्टीच्या आतबाहेरची, अंगणात वरी पाखडत होती. आईंनीच बोलायला सुरुवात केली, कुठल्या, कोण, कशाला आलो. मी पुरचुंडी सोडली.

रखमाबाई हात न लावता बघत राहिल्या. "आमच्या घरातनं ही कधी गेली मलाच ठावं नाही. मी सासरी व्हते. चुलत्यानं देऊन टाकली कुणाला तरी." मग एक चांदणी उचलली. "बा गेला तवा मी पाळण्यात. फोटो नाही, काय नाही. आई म्हणायची, पोस्टातनं आलेल्या त्या बिल्ल्यावर तुझ्या बाचं नाव हाय. मला वाचता येत नव्हतं, पर बोट फिरवायची मी त्याच्यावर." त्यांचं बोट चांदणीच्या पाठीवर फिरलं. एकदा, दोनदा. "इथं गुळगुळीत कसं लागतंय?"

ते सांगणं माझं होतं.

"मी घासलं, बाई. माझी खोटी गोष्ट खरी दिसावी म्हणून. नाव होतं इथं."

त्या रागावतील, पदक फेकतील, असं मला वाटलं. त्यांनी माझा हात धरला आणि पदकावर ठेवला. "कुठनं कुठवर व्हतं? दाव."

मी बोटानं दाखवलं. नंबर इथून. इथं मोरू. इथं शेलार. तिन्ही पदकांवर दाखवलं. त्या नीट बघत होत्या. पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "चुलत्यानं घालवलं ते मी माफ केलंय त्याला. तुझं अजून ठरवलं नाही." आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

परतीच्या गाडीत आईंना खिडकीपाशी बसवलं. आंबेनळीत धुकं उतरलं होतं. प्रतापगडचा फाटा मागे गेल्यावर मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"म्हायती हाय." पुरचुंडीचं रिकामं फडकं त्या मांडीवर घडी करत होत्या. "शिमग्याला पाटावर काय ठेवू, त्याचाच इचार करत व्हते."

"दगडावर मामंजींचं नाव येणार आहे."

"दगुड पालखीफुडं ठेवतात व्हय?"

पोलादपूरला गाडी थांबली. मी त्यांना उतरवून घेतलं, वाडीच्या जीपपर्यंत पोचवलं आणि महाडची गाडी धरायला वळले, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "शनवारी ये. नाचनी झोडायची हाय. एकटीच्यानं व्हत नाय."