काविळीची माळ आणि नळाची रेघ

शेवटच्या साध्या सकाळी बाबा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. "मोहिनी, हात लाव वं. हिंगणघाटचा बाजार तुह्यासाठी थांबून नाई राह्यत." संध्याकाळी त्यांचे डोळे पिवळे दिसले.

गावातल्या देवळाच्या महाराजांनी बाबांच्या गळ्यात हिरव्या काड्यांची माळ घातली. माळ वाढेल तशी कावीळ उतरेल. दवाखान्यात सुई टोचली तर देवी कोपेल, असे ते म्हणाले. माळ रोज वाढली. बाबा गेले. "मोहिनीच्या बापानं, मधुकररावानं, देवळापुढचा दगड हलवला, त्याचाच कोप," महाराज म्हणाले. अल्लीपूरच्या आमच्या गल्लीने मान डोलावली. मी महाराजांकडून आणखी एक माळ मागून घेतली.

आता तीच गर्दी शेजारच्या रोशनीभोवती. तिला सातवा महिना.

"पाहा, माळ कमरेपर्यंत आली! कावीळ पळून राह्यली!" महाराज ओरडले.

"महाराज, तुमचीच माळ म्या खुंटीवर टांगली होती. वीतभर वाढली. खुंटीलेही कावीळ झालती काय?" मी विचारले.

कोणीतरी फिसकन हसले.

"काड्या सुकल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात. माळ लांबते, रोग तिथंच राह्यते."

"मंग याच गल्लीत काऊन कावीळ?" रोशनीची सासू, अनुसयाबाई, उसळली.

नकाशे करणे हे माझे काम. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. काविळीची घरे लाल ठिपक्यांनी दाखवली. मग त्यावर नळाची रेघ चढवली आणि नालीचीही. नळ जिथे सांडपाण्याची नाली ओलांडतो, त्याच्या पुढचीच घरे लाल होती, एक ठिपका सोडून. त्यांत बोअरचे पाणी पिणारे एकही नाही. कुठे काय आहे हे कोणताही नकाशा सांगतो. कशाजवळ काय आहे आणि म्हणून काय घडते, हे त्याला विचारणे म्हणजे अवकाशीय विश्लेषण.

"अन् हा वेशीजवळचा ठिपका? तो तर लांब हाये," महाराज खूश झाले.

"तो मी," चहावाले बंडूजी म्हणाले. "टपरीचं पाणी इथूनच नेतो ना!"

महाराज आकाशाकडे पाहू लागले. लोक मात्र अजून त्यांच्याकडेच पाहत होते, याचीच मला चीड आली.

"देवीले हात जोडा, पण पाणी उकळून प्या. नळ दुरुस्त करून घ्या, नालीचं पाणी त्यात शिरून राह्यलं. अन् रोशनीले आत्ता सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या. पोटुशीले ही कावीळ लय वाईट."

तिच्या नवऱ्याने, किशोरने, गाडी काढली. अनुसयाबाईंनी माळ मुठीत घट्ट धरली होती. "पण दगड तं हलवला ना तुह्या बापानं?"

"हलवला. लोक ठेचाळत होते म्हणून. काकू, माह्या बाबाले रोग झालता. त्यायनं काहीच पाप केलं नव्हतं."