रिकाम्या कॅनची रांग

"आणि गंमत सांगते तुम्हाला," मॅडम माईकवरून म्हणाल्या, "त्या कॅन रिकाम्या असतात."

मंडपात हशा पिकला. माझ्या शेजारची शिवणवाली मात्र हसली नाही. ती पुढच्या खुर्चीतल्या सासूकडे बघत होती. सासू वळली नाही, पण तिची मान ताठ झाली.

मॅडमचं चालूच. "नळ गल्लीच्या टोकाला. या बायका रोज सकाळी कॅन घेऊन निघतात, नळ मागे टाकून बसडेपोला वळसे घालतात, येताना पाणी भरतात आणि घरी सांगतात, रांग होती. साखर आणि बीपीवर काय नामी युक्ती काढलीय बघा. टाळ्या झाल्या पाहिजेत."

लोकांनी वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅडम आम्हाला साखर तपासायचं मशीन देणाऱ्या संस्थेच्या. बाकी गल्लीचं आरोग्य मंडळ आम्ही बायकांनीच काढलेलं. मी हॉस्पिटलात आया. साखरेने सडलेले पाय वॉर्डात रोज बघते. शिवणवालीची साखर सापडली तेव्हा तिच्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रोज चाला.

"चालू कुठे, मावशी?" ती मला म्हणाली. "मोकळ्या हाताने बाई रस्त्यावर दिसली की म्हणतात, निघाली उंडारायला."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कॅन घेऊन माझ्या दारात. "चला, रांगेला."

तेव्हापासून आम्ही चालण्याला रांगच म्हणायचो. 'काल रांगेला का नाही आलीस?' 'आज रांग लांब होती गं, घाम फुटला.' घरात वर मान करून न बोलणारी शिवणवाली डेपोची भिंत आली की अशी झपाझप सुटायची की आम्हाला धाप लागायची. सासूची नक्कल करायची ती तिथेच. साखर उतरत होती. तपासणीला आता ती सगळ्यांच्या आधी बोट पुढे करायची.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या तर झाकल्या कॅन होत्या, आणि या बाईने झाकणं उघडून त्या सगळ्या वस्तीला दाखवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमना गाडीपाशी गाठलं.

"मी तर तुमचं कौतुकच केलं, मावशी."

"मागितलं होतं कुणी?"

"पण यात लपवण्यासारखं काय आहे? चालणं म्हणजे काय चोरी आहे का?"

"तुमच्याकडे नसेल. तुम्ही आता गाडीत बसाल. तिला त्याच घरात जायचंय."

"मी बोलू का तिच्या सासूबाईंशी? नीट समजावते त्यांना."

"नको. आज बोललात तेवढं पुरे झालं."

मॅडम वाईट नाहीत, आणि मला राग त्याचाच जास्त येतो. वाईट माणसाला निदान मनसोक्त शिव्या तरी घालता येतात.

दुसऱ्या दिवशी रांगेला कुणी आलं नाही. एकीचा नवरा स्वतःच पाणी घेऊन चालला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने कॅन उचलली, ती बायकोला घरात बसवायला. दुसरीने मला बघून दार लोटून घेतलं. मी शिवणवालीकडे गेले. सासू उंबरठ्याच्या आत पाय पसरून बसली होती.

"माझ्या लेकाने आणलंय पाणी," ती म्हणाली. "इतके दिवस मला वेडी बनवलं. मी इथे एकटी खोकत पडायचं आणि हिने भटकायचं."

"तिचा पाय कापायची वेळ येईल, काकू."

"चालायचंच आहे ना? मग घरात चालावं की. घर काय लहान पडलं?"

मी आत पाहिलं. शिवणवाली चालत होती. शिलाई मशीनपासून मोरी, मोरीपासून मशीन. वळताना कोपर कपाटावर आपटत होतं. डोळे रडून सुजलेले, पण पाय थांबत नव्हते.

सासूला सुनावायचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी चपला काढल्या, अंग चोरून तिच्या शेजारून आत शिरले आणि शिवणवालीच्या मागे चालू लागले.

ती थांबली नाही, तिने वळूनही बघितलं नाही. "मशीनपाशी जपून, मावशी," एवढंच म्हणाली. "तिथे सुई टोचते."

दोघींना ती खोली पुरेना. सासू काही वेळ तशीच हटून बसली. मग तिने आमच्या वाटेतून आपले पाय आखडून घेतले.