नोराची ओटी

तनयाची होणारी सासू, कॉनरची आई, लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी पहिल्यांदाच जेवायला आली होती. नोरा आयर्लंडमधल्या गॉलवेची, शाळेत आयरिश शिकवून निवृत्त झालेली. जेवण झालं की तिची ओटी भरायची आणि तिला आपलं करून घ्यायचं, असं तनयाच्या आईने, उल्काने, ठरवलं होतं.

उल्काच्या नवऱ्याला, उदयला, जगातला प्रत्येक शब्द आपल्याकडूनच गेला हे सिद्ध करायची भारी हौस. शिडाला आयरिशमध्ये 'शोल' म्हणतात हे कळताच स्वारी खुलली. शीड, शोल, आणखी काय पुरावा हवा? नोरा हसली. तो बहुधा जुन्या इंग्रजीतून उसना घेतलेला आहे, म्हणाली. त्यावरूनच पाठवणं आणि पत्रावरचा पत्ता यांचेही शब्द झाले. बाळंतिणीच्या खाटेलाही शोलच म्हणत. शब्द तोच की वेगळा, यावर वाद आहे.

"कॉनर झाला तेव्हा मी खाटेच्या शोलवर होते, त्याचा बाप शिडाच्या शोलखाली," नोरा म्हणाली. "त्याची होडी परत आली नाही."

उल्का तबक घेऊन दारातच थबकली आणि आत वळली. कुंकवाला हात लावायचं तिच्याने होईना. आईने कधी विधवेची ओटी भरली नव्हती, आणि इथल्या हॉस्पिटलात जन्मभर बाळंतपणं केलेल्या या डॉक्टरीणबाईंना नेमकं तेवढंच आठवलं. तबक ओट्यावर ठेवून ती मिठाईचा डबा घेऊन बाहेर आली.

नोरा उभी राहिली. अंगावरची शाल दोन्ही हातांनी पुढे पसरून तिने मान झुकवली. उल्काने त्यात डबा ठेवला. नोराने तो कपाळाला लावला.

तनया आईमागोमाग स्वयंपाकघरात आली.

"आई, त्यांनी व्हिडिओ कॉलवर ओटी घ्यायची प्रॅक्टिस केली होती. मी शिकवलं. मग माझ्या वेडिंगला त्या कुठे उभ्या राहणार? मागे?"

उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तबक उचललं, बाहेर गेली आणि नोराच्या कपाळाला कुंकू लावलं. नोराने लगबगीने शाल पुन्हा पसरली. तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला.

"ओटी दोनदा भरतात?" नोराने कौतुकाने विचारलं.

उल्का हो म्हणाली. खाली बघूनच म्हणाली.